म्हणे

शैलजा हुक्केरी या बाई मुळातच संशयी. दूधवाल्यानं दूध ओतलं की पातेलं नाकाशी नेणार, दुकानदारानं "ताजं आहे" म्हटलं की पुडा उलटा करून तारीख बघणार, आणि कुठल्याही दाराला कडी घातली की ती दोनदा ओढून बघणार. डोकं दुसरीकडे असलं तरी हात आपले आपण ते काम करत. त्यांच्या नवऱ्याचं नाव विश्वास. त्यामुळे चाफवडीत एक विनोद कायमचा ठरून गेला होता, की हुक्केरीबाईंचा विश्वासवरसुद्धा विश्वास नाही. विश्वास दूध संघात कामाला होता, स्वभावानं गरीब. हा विनोद पाहुण्यांना तो स्वतःच सांगायचा.

गडहिंग्लज ओलांडून घाटाकडे निघालं की चाफवडी लागते. तिथल्या शाळेत बाई सातवीला मराठी शिकवत आणि त्यांची मुलगी मनवा त्याच वर्गात होती. गेल्या वर्षी त्या शाळेत 'सुवाच' आलं.

सुवाच म्हणजे वहीच्या पानाएवढी एक पाटी. आरपार दिसणारी, पापडासारखी पातळ. पुस्तकाच्या पानावर ठेवा, फोनवर ठेवा, औषधाच्या खोक्यावर ठेवा, खाली जे छापलंय ते ती वाचते आणि स्वतःच्या अंगावर नव्यानं उमटवते. कडेला मोहरीएवढे दोन कॅमेरे असतात. ते बघत असतात वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे.

आता डोळ्याची एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकतो. छे! तो बेडकासारखा उड्या मारत जातो. सात-आठ अक्षरांची उडी, जरा थांबा, परत उडी. आणि दहा उड्यांत एखादी तरी उलटी असते. शब्द कळला नाही, अर्थ निसटला, की डोळा माघारी जाऊन बघून येतो. सुवाचवाले या उलट्या उडीला 'अडखळ' म्हणत. मूल कुठं अडखळलं हे पाटी टिपते आणि पुढच्या वेळी तिथली वाट सपाट करून ठेवते. लांब वाक्य तोडते, अवघड शब्द काढून सोपा घालते. हजारो पोरांच्या डोळ्यांवरून ती हे शिकत गेली होती. तिला काम एकच नेमून दिलेलं, अडखळ कमी करायची.

आणि केली की तिनं! जोडाक्षर दिसलं की घाम फुटणारी पोरं घडाघडा वाचायला लागली. वाचनाच्या परीक्षेत शाळा तालुक्यात पहिली आली. मुख्याध्यापक चौगले सरांनी ढाल कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवली, येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी. बाईंनाही आनंद झाला, खोटं कशाला बोला. फक्त त्यांचा आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी त्यांना संशय आला.

झालं असं, की बाई दरवर्षी सातवीला गावच्या तळ्याची जुनी गोष्ट वाचायला देत. 'तळ्याच्या तळाशी नथ घातलेली मासोळी आहे म्हणे. तिला जो बघतो तो तिथल्या तिथं आंधळा होतो आणि त्याची वाचा जाते म्हणे.' मग सांगत, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. दरवर्षी निदान एक तरी कार्टं लिहायचंच, की बघणाऱ्याची वाचाच जाते, तर नथीचं गावाला सांगितलं कुणी? त्या एका ओळीसाठी बाई वर्षभर वाट बघत. ती ओळ आली की आपलं शिकवणं कारणी लागलं असं त्यांना वाटे.

यंदा ती ओळ आली नाही. सगळ्या वर्गानं वळणदार अक्षरात लिहिलं, की तळ्यात मासोळी आहे, तिला नथ आहे, आपण तिचं रक्षण केलं पाहिजे. दोघांनी तर तळ्याला कुंपण घालायचं सुचवलं. एकाही पोरानं नाक मुरडलं नाही की 'कैच्या कै' म्हटलं नाही.

बाईंनी एक पाटी उचलली, गोष्टीवर ठेवली आणि स्वतः वाचून बघितली. सगळं जिथल्या तिथं होतं. 'म्हणे'सकट. मग पोरांचं काय बिघडलं? "तुला आता यंत्राचाही संशय यायला लागला," विश्वास हसून म्हणाला. बाईंनी विषय सोडून दिला.

पण तो विषय काही त्यांना सोडायला तयार नव्हता.

श्रावणातला शनिवार, सकाळची शाळा. सातवीतली आर्वी पुस्तकांच्या खोलीत कपाटामागं फरशीवर बसून वाचत होती. पाटी आल्यापासून त्या खोलीकडे कुणी फिरकत नसे, पण आर्वीची पाटी दुरुस्तीला गेली होती आणि खोलीतली जुनी पुस्तकं तिला आवडायला लागली होती. शाळा सुटली, सगळे गेले. सुटताना बाई शब्दकोश जागेवर ठेवायला खोलीत डोकावल्या होत्या, तेव्हा त्यांना कुणी दिसलं नव्हतं. दुपारी शिपाई संभामामांना दारावर थापा ऐकू आल्या आणि त्यांनी आर्वीला बाहेर काढलं. तिची आई तोवर गावभर शोधत फिरत होती.

बाई धावत आल्या. "दार फुगलं हुतं बाई, ओलीनं," संभामामा म्हणाले. "अडकून बसलं." पोरगी घाबरली होती, पण ठीक होती. पुस्तक संपलं, तेव्हा कुठं दार उघडत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं.

सोमवारी पालकांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी आईनं लिहिलं, 'हुक्केरीबाईंनी म्हणे आर्वीला पुस्तकांच्या खोलीत कोंडलं. खरं-खोटं शाळेलाच ठाऊक.'

झालं! पेटलं की. आर्वीचे वडील शाळेत येऊन आरडाओरडा करून गेले. शाळा समितीनं ठरवलं, की मुलांनाच लिहायला सांगू, मुलं खोटं बोलत नाहीत. बुधवारी चौगले सरांनी बाईंना खोलीत बोलावलं. ढालीशेजारी कागदांचा गठ्ठा होता.

"बाई, आर्वी सोडून सगळ्या वर्गानं एकच लिहिलंय," सर म्हणाले. "तिला आतून काही दिसलं नव्हतं, पण बाकी एकानंही 'मला माहीत नाही' म्हटलेलं नाही. मी तरी काय करू? शुक्रवारी समिती बसणार, दार फुगल्याचं म्हणता ते तिथं सांगा. खरं ठरलं तर नोकरी जाईल. तोवर वर्गावर जाऊ नका."

बाईंनी वरचे चार कागद चाळले. पाचव्यावर थांबल्या. ते गोल, टपोरं अक्षर त्यांनीच हात धरून गिरवून घेतलेलं होतं. 'हुक्केरीबाईंनी आर्वीला पुस्तकांच्या खोलीत कोंडलं.' खाली नाव, मनवा विश्वास हुक्केरी. शाळेत ती आईला बाईच म्हणायची, तशी घरातलीच शिस्त होती. पण त्या वेळी तो शब्द बाईंना फार लागला.

संध्याकाळी बाई मेथी निवडायला बसल्या. मनवा समोर येऊन बसली, पण वर बघेना.

"आर्वीचं ते कशावरून लिहिलंस ग?"

"वाचलं."

"कुठं?"

"ग्रुपवर. बाबांच्या फोनवर. सगळ्यांनीच वाचलंय."

"वाचलं आणि लिहून मोकळी झालीस? मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?"

"त्यात काय विचारायचं?" मनवा म्हणाली. ती उलटून बोलत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. "तसं लिहिलेलंच होतं ना. मला काय बरं वाटलं असेल? सोमवारपासून मला घास गिळवत नाहीये, ते दिसतंय का तुला?"

बाईंनी फोन ओढून घेतला, निरोप काढला आणि तिच्यापुढं धरला. "हे 'म्हणे' दिसलं नाही? खरं-खोटं शाळेला ठाऊक, असं लिहिलंय ते? डोळे फुटले होते का?"

"कुठाय 'म्हणे'?"

"वाच मोठ्यानं."

मनवानं फोनवर आपली पाटी ठेवली आणि वाचलं, "हुक्केरीबाईंनी आर्वीला पुस्तकांच्या खोलीत कोंडलं."

"पुढं?"

"पुढं काही नाही."

बाईंचा पारा चढला. पोटची पोर तोंडावर खोटं बोलतेय! हातातली मेथी टाकून त्या उठल्या, मनवाच्या मागं जाऊन तिच्या खांद्यावरून वाकल्या आणि पाटीत बघितलं.

'म्हणे' नव्हतं. पुढचं वाक्यही नव्हतं. त्यांनी पाटी बाजूला सारली, 'म्हणे' आलं. परत ठेवली, गेलं. मग पाटी आपल्या तोंडासमोर धरली. तिनं बाईंचे डोळे ओळखले, आणि 'म्हणे' गुपचूप जागेवर येऊन बसलं. शब्द मागंपुढं सरकवून दोन्हीकडे जागा अशी बेमालूम भरलेली, की तिथून काही गेलंय याची शंकाही येऊ नये.

"लबाड!" बाई पाटीलाच म्हणाल्या.

मग मायलेकींनी घरात मिळेल ते वाचून बघितलं. वर्तमानपत्र, तळ्याची गोष्ट, सर्दीच्या औषधाचा कागद. मनवासाठी पाटीनं 'म्हणे' गाळलं होतं, 'बहुधा' गाळलं होतं, 'असावं'चं 'आहे' केलं होतं, आणि 'आराम पडू शकतो'चं 'आराम पडतो'. बाकी अक्षरही हललं नव्हतं.

"म्हणजे..." मनवा चाचरत म्हणाली, "तू नाही कोंडलंस?"

"नाही! दार फुगलं होतं. अडकलं होतं ते."

मनवा आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. बाईही रडल्या. विश्वास घरी आला तेव्हा मेथी तशीच पडलेली होती आणि त्याला कुणी काही धड सांगेना.

गुरुवारी सकाळी बाईंनी चौगले सरांपुढं पाटी ठेवली आणि सगळं सांगितलं. सरांनी पाटीतून निरोप वाचला. "आहे की 'म्हणे'," ते म्हणाले.

"तुम्हाला दिसणारच. मुलांना दिसत नाही."

"असं होय?" सरांनी पाटी खाली ठेवली आणि बाईंकडे नीट बघितलं. चोरी पकडल्यावर पोरगं कारणं सांगायला लागलं की सर असेच बघत. "बाई, तालुक्यात पहिले आलोय आपण. स्वतःला वाचवायला दुसऱ्या कशाला तरी नावं ठेवणं चांगलं दिसत नाही. जे सांगायचं ते शुक्रवारी लेखी द्या."

मग बाईंनी समृद्धी पोवारला फोन लावला. समृद्धी त्यांची जुनी विद्यार्थिनी. मासोळीच्या गोष्टीवर 'सांगितलं कुणी?' लिहिणाऱ्या कार्ट्यांपैकी एक. आता पुण्यात सुवाचच्याच कंपनीत होती. तिनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"बाई, शपथ सांगते, तिला हे कुणी शिकवलेलं नाही," ती म्हणाली. "आम्ही एवढंच सांगितलं होतं, मूल अडखळू नये. 'म्हणे' आलं की मुलाचा डोळा मागं जातो. कोण म्हणालं, कशाबद्दल म्हणालं, ते बघायला. 'बहुधा' आलं तरी जातो. पाटीला वाटलं, मूल अडखळलं. तिनं तो शब्द काढून टाकला. डोळा मागं जायचा थांबला. पाटीला शाबासकी मिळाली."

"अडखळलं नव्हतं ग ते. विचार करत होतं."

"बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, बाई."

बाईंनी समोरची पाटी उचलून बघितली. मग म्हणाल्या, "मग मला कसं दिसतं 'म्हणे'?"

"तुमच्या ते इतकं अंगवळणी पडलंय, की डोळा तिथं थांबतच नाही. जो थांबत नाही त्याच्यासाठी ती शब्द ठेवते. जो थांबतो त्याच्यासाठी काढते."

म्हणजे ज्या पोराला शंका येत होती, नेमकी त्याचीच शंका खुडली जात होती! बाईंना संताप आला, आणि थोडी लाजही वाटली. आपण सोडून दिला होता तो विषय.

"वरच्यांशी बोलते मी," समृद्धी म्हणाली. "पण त्याला महिने लागतील. अडखळ परत आणायची म्हणजे परीक्षेतले गुण उतरणार, आणि ते कुणालाच नकोयत. तुमचं तर उद्याच आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, एक करता येईल. तुमचं निवेदन उद्या सगळ्यांना पाटीवरूनच वाचू द्या. मी इथून तुमच्या शाळेपुरती अडखळ पार शून्यावर आणते. मोठ्यांचीसुद्धा. एकाचाही डोळा मागं जाणार नाही. जे वाचतील ते त्यांना पटेल. तुम्ही सुटाल."

"आणि कुणाला कळणार नाही?"

"कळायला डोळा मागं जायला हवा ना."

बाईंनी 'सांगते' म्हणून फोन ठेवला. मोह झाला त्यांना, का होऊ नये? अठरा-वीस वर्षांची नोकरी, गावातली अब्रू. शिवाय आपण तर खरंच सांगणार आहोत. खरं जरा सुरळीत करून सांगितलं तर बिघडलं कुठं? भाकरी थापताना त्यांनी हे स्वतःला तीनदा विचारलं, आणि तिसरी भाकरी करपली. उद्या खोटारडा माणूस येऊन हेच करील, तेव्हा ही पोरं काय करतील? जी पोरं आज आपल्याविरुद्ध डोळे मिटून लिहितात, ती उद्या आपल्या बाजूनं डोळे मिटून लिहिणार. यात शिकवलं काय आपण? त्यांनी समृद्धीला निरोप पाठवला, 'नको. उद्या सगळं कागदावर.'

त्या संध्याकाळी घरात एक खेळ सुरू झाला. जे स्वतः बघितलं नाही त्याला 'म्हणे' लावायचं. विसरला तो हरला.

"बाबा येताना चिवडा आणणार आहेत म्हणे," मनवानं सुरुवात केली.

"आणलाय ग," विश्वास म्हणाला.

"पिशवी कुठं उघडलीय अजून? आणलाय म्हणे!" मनवा खिदळली. मग वरणात मीठ आहे म्हणे, आजोबा लहानपणी पोहायचे म्हणे, चंद्रावर माणूस गेला होता म्हणे. विश्वासनं कपाळाला हात लावला, "घरात एक संशयी होती, आता दोन झाल्या." बाई किती तरी दिवसांनी मोकळ्या हसल्या. मग टेबलाशी बसून त्यांनी स्वच्छ अक्षरात आपलं निवेदन लिहिलं आणि त्याच्या प्रती काढून आणल्या.

शुक्रवारी शाळेचं सभागृह भरलं. समिती, पालक, पुढं सतरंजीवर सातवीचा वर्ग. संभामामा दाराशी स्टुलावर. बाईंनी चौगले सरांची परवानगी घेऊन एका मुलाला उभं केलं आणि ग्रुपवरचा निरोप पाटीतून वाचायला सांगितला. त्यानं 'म्हणे'शिवाय खणखणीत वाचला. एका मुलीनंही वाचला. तोच. मग बाईंनी मुलाला तोच निरोप छापलेला कागद दिला. "आता नुसत्या डोळ्यांनी वाच."

"हुक्केरीबाईंनी..." मुलगा थांबला. त्याचा डोळा मागं गेलेला बाईंना स्पष्ट दिसला. "म्हणे... आर्वीला... बाई, हे 'म्हणे' कुठनं आलं?"

"तिथंच होतं."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. पालक उठून पोरांच्या खांद्यांवरून पाट्यांमध्ये डोकावायला लागले. "अरे बाप रे!" कुणी तरी म्हणालं. आर्वीच्या वडिलांनी स्वतः दोनदा बघितलं आणि खाली बसले. चौगले सरांचा चेहरा उतरला. वारं फिरलं होतं. बाई तिथंच थांबल्या असत्या, तर सुटल्या असत्या.

पण बाई शिक्षिका होत्या. त्यांनी आपल्या निवेदनाच्या प्रती वर्गात वाटल्या. "एका बाजूचं वाचलंत," त्या म्हणाल्या. "आता माझंही वाचा. मी तुमची बाई आहे म्हणून खरं मानू नका. शंका आली तर हात वर करा."

'शनिवारी शाळा सुटल्यावर आर्वी पुस्तकांच्या खोलीत होती. पावसाच्या ओलीनं खोलीचं दार फुगून अडकलं. मी तिला कोंडलेलं नाही.'

पोरं वाचत होती. हळूहळू, ओठ हलवत, मागंपुढं होत. बाईंना त्यांचे ते अडखळणारे डोळे बघून भरून आलं. मग एक हात वर झाला. मनवाचा.

"बाई," ती उभी राहून म्हणाली, "दार फुगून अडकलं, हे तुम्ही बघितलं?"

"नाही. मी आले तेव्हा दार उघडलेलं होतं."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"संभामामांनी."

मनवानं कागदाकडे बघितलं, परत वर बघितलं. "मग यात 'म्हणे' कुठाय?"

सभागृहात कुणी तरी हसलं. बाईही हसायला गेल्या, पण ते हसू तोंडातच राहिलं.

मनवाला थांबायचं होतं बहुधा. तिचा आवाज बारीक झाला होता. पण प्रश्न निघाला होता आणि तो अर्धा सोडायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. "आई," ती म्हणाली. शाळेत पहिल्यांदाच. "तू शब्दकोश ठेवायला गेली होतीस ना? तू कुठलंही दार लावलंस की कडी घालतेस. दोनदा ओढून बघतेस. त्या दिवशी नाही घातलीस?"

बाईंनी आठवून बघितलं. शब्दकोश आठवला, कपाट आठवलं. मासोळीच्या गोष्टीचं डोक्यात घोळत होतं, तेही आठवलं. कडी आठवेना. घातल्याचं आठवेना आणि न घातल्याचंही आठवेना. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. या हातानं आयुष्यात कधी एखादं दार तसंच सोडलंय?

त्यांनी दाराकडे मान वळवली. "मामा, दार फुगलं होतं का?"

संभामामा स्टुलावरून उठले. टोपी काढून हातात घेतली. "कडी हुती बाई," ते खाली बघत म्हणाले. "भाइरनं. मीच काढली. तुमास्नी तरास नगं म्हणून बोललो नाय."

बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. आणि त्याच वेळी, अहो, कुणाला सांगून पटणार नाही, पण त्याच वेळी त्यांच्या मनात आलं, की आली. ती ओळ आली.

"मग मीच कोंडलं तिला," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "आत डोकावले, कपाटामागं बघितलं नाही, आणि सवयीनं कडी घातली. मुद्दाम नाही केलं. आर्वी, चुकलं बाळा माझं."

समितीनं फार वेळ घेतला नाही. नोकरी गेली नाही, पण वर्षभरासाठी सातवी काढून घेतली आणि ठपका ठेवला. मराठीच्या तासाला पाट्या बंद झाल्या. तेवढं चौगले सरांनी स्वतःहून सुचवलं. मुलांना जुने कागद परत देऊन नव्यानं लिहायला सांगितलं. आणि सवयीनं सरांनी तो नवा गठ्ठा बाईंच्याच हातात दिला, "तेवढे तपासून द्या." दिल्यावर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. पण बाईंनी घेतला.

घरी आल्यावर त्यांनी मनवाचा कागद काढला. 'हुक्केरीबाईंनी खोलीला कडी घातली. हे संभामामांनी सांगितलं आणि बाईंनी कबूल केलं. मुद्दाम घातली नाही, असं बाई म्हणतात. मी तिथे नव्हते.'

तिसऱ्या वाक्याशी बाईंचा डोळा मागं गेला. असं बाई म्हणतात. एका काना-मात्रेलाही नाव ठेवायला जागा नव्हती.

"मनवा," त्यांनी हाक मारली. "मुद्दाम नाही केलं, एवढं तरी खरं वाटतं ना तुला?"

मनवा दारात येऊन उभी राहिली. तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. "मला तसं वाटतं," ती म्हणाली. "पण मी तिथं नव्हते ना, आई. मग लिहिताना तसंच लिहायचं ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच लिहायचं." त्यांनी लाल पेन उचललं आणि दहापैकी दहा गुण दिले. डोळे पुसायला त्यांना पदर लागला. मनवा जवळ येऊन त्यांना टेकून बसली.

जेवणं झाली. निजायच्या आधी बाई मागचं दार लावायला गेल्या. कडीला हात घातला आणि थांबल्या. अंगणात डोकावून म्हणाल्या, "कोण आहे का बाहेर?" कुणी नव्हतं. त्यांनी कडी घातली, एकदा ओढून बघितली, दुसऱ्यांदा ओढून बघितली, आणि आत वळल्या.

मागून आवाज आला म्हणून त्यांनी वळून बघितलं. मनवा कडी ओढून बघत होती.